दुकानाचे छप्पर आणि विजेचे बिल
(जयंती समारंभात इमारत उपसमितीच्या वतीने केलेले भाषण, स्मरणिकेसाठी काही आकडे नव्याने घातले आहेत.)



कार्यकारिणीने आम्हांस बोलण्यासाठी जो विषय दिला आहे तो ऐकायला रुक्ष आहे. व्यापारी व सार्वजनिक इमारतींचा विजेचा खर्च अपारंपरिक ऊर्जेच्या साहाय्याने कसा कमी करता येईल, हा तो विषय. जयंतीच्या मंचावरून वीजबिलाची चर्चा कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्यांना आम्ही एवढेच स्मरण देऊ इच्छितो की, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून काम करताना बाबासाहेबांकडे वीज आणि पाटबंधारे हे विषयही होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकामे व वीजशक्ती या विषयांच्या धोरण समितीपुढे अध्यक्षस्थानावरून बोलताना त्यांनी जो युक्तिवाद मांडला, त्याचा आशय असा की, औद्योगिकीकरणावाचून हिंदुस्थानचे दारिद्र्य हटणार नाही आणि स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण तडीस जाणार नाही. वीज कोणाच्या मालकीची असावी, सरकारच्या की खासगी, हाही प्रश्न त्यांनी तेथे उपस्थित केला होता. पुढे १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ अस्तित्वात आले. तेव्हा वीज ही केवळ तारतंत्र्याची बाब नसून ती कोणाला, किती आणि काय भावाने मिळते यावर माणसाचे उभे राहणे अवलंबून असते, ही दृष्टी आपल्याला वारशातच मिळालेली आहे.

आता आपल्याकडे वळू. या देशात आपली पहिली पिढी आली ती नोकरीसाठी. आज या सभागृहात नोकरदारांच्या जोडीने किराणा भांडार चालविणारे, केअर होम चालविणारे, दातांचा दवाखाना, औषधांचे दुकान, पाळणाघर चालविणारे बंधू-भगिनी बसलेले आहेत. आणि मंडळाने वर्षानुवर्षे वर्गणी जमवून घेतलेली ही वास्तूही आहेच. २०२२ च्या हिवाळ्यात या सर्वांना एकाच वेळी जो धक्का बसला तो कोणी विसरले असेल असे वाटत नाही. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, वायूचे भाव भडकले, आणि ज्यांचे करार त्याच सुमारास संपत होते त्यांच्या हाती दुप्पट-तिप्पट दराची पत्रे पडली. घरगुती ग्राहकांसाठी भावाची सरकारी मर्यादा आहे. व्यापारी ग्राहकांसाठी अशी मर्यादा तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून मार्च २०२३ अखेरपर्यंत व्यवसायांना सवलत दिली, त्यानंतर वर्षभर त्याहून पातळ सवलत दिली, आणि मार्च २०२४ मध्ये तीही संपली.

येथे पुष्कळांचा एक रास्त प्रश्न असतो. इंग्लंडच्या समुद्रात एवढ्या पवनचक्क्या उभ्या आहेत, मग वीज महाग का? लंडनमध्ये होबर्न व्हायाडक्ट येथे १८८२ साली कोळशावर चालणारे जगातील पहिले सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे या देशातील शेवटचे कोळसा-वीजकेंद्र बंद पडले. एकशे बेचाळीस वर्षांचे एक युग आपल्या डोळ्यांदेखत संपले. परंतु घाऊक बाजाराची रीत अशी की, त्या-त्या वेळची गरज भागविण्यासाठी जे सर्वांत महाग केंद्र चालवावे लागते त्याच्या भावाने बाजारातील विजेचा भाव ठरतो. ते केंद्र बहुतेक वेळा वायूचे असते. म्हणून वारा फुकट असूनही भाव वायूचा लागतो. शिवाय बिलात नुसती वीज नसते. तारांचे जाळे राखण्याचा खर्च, धोरणात्मक आकार, व्यवसायांवरील हवामान कर आणि त्यावर २० टक्के व्हॅट, हे सर्व आपल्या एका युनिटच्या पाठीवर बसलेले असते.

आपल्या छपरावर तयार झालेले आणि आपणच वापरलेले युनिट या साऱ्या ओझ्यातून सुटते. सौरऊर्जेच्या अर्थशास्त्राची किल्ली येथे आहे. आपण वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे आपला किरकोळ दर वाचतो, तर वापरून उरलेले युनिट जाळ्यात सोडले की त्याचा मोबदला पुष्कळच कमी मिळतो. मोबदल्याची जुनी उदार योजना ३१ मार्च २०१९ रोजी नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. १ जानेवारी २०२० पासून जी योजना चालू आहे तीत मोठ्या वीज कंपन्यांनी काहीतरी दर देणे बंधनकारक आहे, पण तो किती असावा हे त्यांच्याच हाती आहे. म्हणून कोणी विक्रेता 'वीज विकून पैसे कमवा' असे सांगत आला तर त्याला चहा पाजावा, सही देऊ नये.

एक उदाहरण मांडतो. एका किराणा भांडाराची इमारत स्वतःच्या मालकीची आहे. शीतकपाटे रात्रंदिवस चालतात, वर्षाला १,२०,००० युनिटे लागतात. दर सर्व धरून २४ पेन्स समजू. म्हणजे बिल २८,८०० पौंड. छपरावर ३० किलोवॅटची पॅनेले बसविली. त्यासाठी सुमारे सत्तर पॅनेले आणि दीडशे चौरस मीटरच्या आसपास जागा लागेल. येथील हवामानात एका किलोवॅटमागे वर्षाला ९०० युनिटे धरली तर २७,००० युनिटे तयार होतील. शीतकपाटे दिवसा चालतच असल्यामुळे त्यांतील ८० टक्के, म्हणजे २१,६०० युनिटे, तेथेच खपतील व ५,१८४ पौंड वाचतील. उरलेली ५,४०० युनिटे ८ पेन्सांनी गेली तर ४३२ पौंड. वर्षाचा एकूण लाभ ५,६१६ पौंड. खर्च ३३,००० पौंड धरला तर सहा वर्षांत भांडवल परत. पॅनेलांची हमी बहुधा पंचवीस वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो, तो खर्च मनात धरावा. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपला दर, आपले छप्पर आणि आपली दरपत्रके त्यांच्या जागी घालावीत.

या हिशेबात एक गोष्ट ध्यानात आली असेल. बिल शून्य झाले नाही, साधारण एक पंचमांश घटले. बिल शून्य करून देतो असे सांगणारा मनुष्य शीतकपाटे रात्रीही चालतात हे विसरतो. दैनिक स्थिर आकार तर पॅनेले बसवूनही जसाच्या तसा राहतो, आणि अलीकडच्या वर्षांत तोच बराच वाढलेला आहे.

'पण येथे ऊन कुठे आहे?' हा प्रश्न आम्हांला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, त्याचे उत्तर छापूनच ठेवावे असे वाटते. सौर पॅनेल उष्णतेवर नव्हे, प्रकाशावर चालते. ढगाळ दिवशी ते कमी काम करते, परंतु थांबत नाही. उलट पॅनेल तापले की त्याची क्षमता घटते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के. नागपूरच्या मे महिन्यात पॅनेल स्वतःच तव्यासारखे होते. तरीही प्रामाणिक तुलना करायची तर नागपुरात एक किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिटे देईल, तर इंग्लंडच्या दक्षिणेत ९०० ते १,०००. म्हणजे दोन तृतीयांश. खरी अडचण वर्षाच्या बेरजेची नसून ऋतूंची आहे. डिसेंबरातील उत्पन्न जूनच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकेच असते, आणि आपली खरी गरज हिवाळ्यात असते. ज्या व्यवसायाला उन्हाळ्यात अधिक वीज लागते त्याला सौरऊर्जा अधिक मानवते. शीतगृह, किराणा, वातानुकूलित कार्यालय ही त्यांतली. विजेने तापणारे सभागृह त्यांत बसत नाही.

ज्यांना डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांनी लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स स्थानकावर उतरावे. थेम्स नदीवरील त्या रेल्वेपुलाच्या छपरावर ४,४०० पॅनेले असून ते काम २०१४ साली पूर्ण झाले. आपण रोज खालून जातो आणि वर पाहत नाही.

आता जे छप्पर आपले नाही त्याविषयी. आपल्यापैकी बहुसंख्य दुकानदार भाडेकरू आहेत, आणि या देशातील व्यापारी भाडेकरारात इमारतीच्या दुरुस्तीचा भार पुष्कळदा भाडेकरूवरच असतो, पण छपराला खिळा ठोकायचा तर मालकाची लेखी परवानगी लागते. सहा वर्षांत फिटणाऱ्या कामासाठी करार चारच वर्षांचा उरला असेल तर ते काम करू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. मालकाशी बोलणी करण्याचे एक साधन मात्र हाती आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १ एप्रिल २०२३ पासून ऊर्जा प्रमाणपत्रात 'ई' पेक्षा खालची श्रेणी असलेली व्यापारी इमारत, काही अपवाद सोडता, भाड्याने देता किंवा भाड्यावर ठेवता येत नाही. पॅनेलांमुळे श्रेणी सुधारते. मालकाला हे ठाऊक असते; ते आपल्यालाही ठाऊक आहे हे त्याला कळू द्यावे.

परवानगी नाहीच मिळाली तरी हात बांधलेले नाहीत. दार नसलेल्या शीतकपाटांना काचेची दारे बसविली की त्यांची वीज तिसऱ्या हिश्श्याने तरी घटते. जुने दिवे काढून एलईडी लावणे तर आता सांगण्याचीही गोष्ट राहिली नाही. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बिल वाचणे. मिडलंड्समधील आपल्या एका भगिनींच्या दुकानाचा करार एका मध्यस्थाने दूरध्वनीवरून करून दिला. 'फुकट सेवा' म्हणून. दोन वर्षांनी बिलाची फोड मागविली तेव्हा प्रत्येक युनिटमागे त्याचे कमिशन बसविलेले निघाले. दूरध्वनीवर दिलेला होकार व्यापारी करारात पुरेसा असतो आणि घरगुती ग्राहकाप्रमाणे करार मोडण्याची मुभा नसते, हे लक्षात ठेवावे. २०२४ अखेरीपासून ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या लहान व्यवसायांनाही ऊर्जा लोकपालाकडे दाद मागता येते. तसेच ज्या व्यवसायाचा वापर दिवसाला सरासरी ३३ युनिटांहून अधिक नाही त्याला व्हॅट २० नव्हे, ५ टक्के लागतो. लहान दवाखाने, शिवणकामाची दुकाने, कार्यालये यांनी हे आजच तपासावे. यासाठी छपरावर चढावे लागत नाही.

आपले स्वतःचे छप्पर असेल त्यांनी कामाचा क्रम चुकवू नये. प्रथम छप्पर तपासावे. २००० सालापूर्वीच्या गोदामांच्या व दुकानांच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याला छिद्र पाडणे धोक्याचे आहे व त्याचा बंदोबस्त परवानाधारकानेच करावा. छप्पर दहा वर्षांत बदलावे लागणार असेल तर आधी छप्पर, मग पॅनेले. त्यानंतर स्थानिक वीजजाळे सांभाळणाऱ्या कंपनीची संमती. प्रत्येक फेजला ३.६८ किलोवॅटपर्यंत नुसते कळविले तरी चालते, त्याहून मोठ्या जोडणीला आगाऊ परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. कर सवलतींत भांडवली खर्चाची वार्षिक वजावट दहा लाख पौंडांपर्यंत पहिल्याच वर्षी पूर्ण मिळते. इंग्लंडमध्ये मार्च २०३५ पर्यंत छपरावरील पॅनेलांमुळे व्यवसायपट्टी वाढत नाही.

पैसा नसेल तर? काही कंपन्या स्वखर्चाने पॅनेले बसवून त्यांची वीज आपल्यालाच जाळ्यापेक्षा स्वस्त दराने विकतात, करार वीस-पंचवीस वर्षांचा. हा मार्ग वाईट नाही, पण पंचवीस वर्षे म्हणजे एक पिढी. दर वर्षाला किती वाढणार, इमारत विकली तर काय, छप्पर गळले तर पॅनेले कोण उतरविणार, मध्येच विकत घ्यायची तर किंमत कशी ठरणार, याची उत्तरे करारात असावीत. विक्रेत्याच्या तोंडी नव्हे.

दुसरा मार्ग आम्हांला अधिक जवळचा वाटतो, तो सहकाराचा. दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये लफबरो इस्टेट या नगरपालिकेच्या वसाहतीत एल्मोर हाउसच्या छपरावर २०१२ साली रहिवासी व हितचिंतकांच्या समभागांतून सुमारे ३७ किलोवॅटची पॅनेले उभी राहिली. ती श्रीमंतांची वस्ती नव्हे. ब्रिस्टलमधील लॉरेन्स वेस्टन या कष्टकरी वसाहतीने तर २०२३ साली ४.२ मेगावॅटची स्वतःची पवनचक्की उभारली. जे आपल्यासारख्याच हातावर पोट असलेल्या लोकांनी केले, ते आपल्या समाजातील पाच-सहा व्यावसायिकांना एकत्र येऊन करता येणार नाही असे आम्हांला वाटत नाही. पवनचक्कीचे नाव निघालेच म्हणून सांगतो, दुकानाच्या छपरावर छोटी पवनचक्की लावण्याचा मोह टाळावा. शहरातील वारा इमारतींना आपटून विस्कळीत होतो आणि ती बिचारी फिरल्यासारखी दिसते, देत काही नाही.

शेवटी या वास्तूविषयी, कारण अनेकांनी तोच प्रश्न केला आहे. इमारत निधीतून आपल्या सभागृहावर पॅनेले बसवावीत का? हा निधी कोणा एका धनिकाचा नाही. त्यात निवृत्तिवेतनातून दिलेले पाच-पाच पौंड आहेत. म्हणून भांडाराचा हिशेब जसा मांडला तसाच याचाही मांडतो. १० किलोवॅटची पॅनेले, वर्षाला ९,००० युनिटे. पण आपले कार्यक्रम रविवारी आणि सायंकाळी. आठवड्याचे पाच दिवस येथे दिवसा कोणी नसते. फार तर ३० टक्के वीज आपण वापरू. २,७०० युनिटांचे ६४८ पौंड आणि विकलेल्या ६,३०० युनिटांचे ५०४, मिळून १,१५२. खर्च १२,००० पौंड धरला तर दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि छपराच्या उत्तर बाजूची दुरुस्ती यात धरलेली नाही. जी पॅनेले भांडाराला सहा वर्षांत फिटली, तीच येथे दहा वर्षे घेतात. ऊन तेच, वापर निराळा.

सभागृह सप्ताहात दिवसा वापरले जाऊ लागले, ज्येष्ठांचे भोजनकेंद्र किंवा मुलांचे अभ्यासवर्ग सुरू झाले, तर हे चित्र बदलेल. १ फेब्रुवारी २०२४ पासून केवळ धर्मादाय कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींनाही पॅनेलांवर व बॅटरीवर शून्य व्हॅट आहे, आणि ही सवलत ३१ मार्च २०२७ पर्यंत आहे. तथापि सभागृह लग्नसमारंभांना व्यापारी दराने भाड्याने देण्याचा जो प्रस्ताव आहे, त्यामुळे ही सवलत धोक्यात येऊ शकते. दोन्ही प्रस्ताव एकाच बैठकीत मंजूर करण्यापूर्वी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

यास्तव उपसमितीची शिफारस अशी आहे की, यंदा पॅनेले बसवू नयेत. यंदा छपराची दुरुस्ती, एलईडी दिवे, आणि स्वयंपाकघरातील तीन फ्रीजपैकी दोन बंद. कार्यक्रम आठवड्यातून एक, आणि फ्रीज मात्र सातही दिवस गारठलेले, हे बरे नव्हे. धर्मादाय वापराबद्दल विजेवर ५ टक्के व्हॅट व हवामान करातून सूट मिळण्याचे प्रमाणपत्र वीज कंपनीला पाठवावे. बारा महिन्यांची अर्ध्या-अर्ध्या तासाची वापरनोंद मिळवावी. ती हाती आली आणि दिवसाचे उपक्रम उभे राहिले की पुढील वार्षिक सभेत चार-पाच किलोवॅटचा लहान प्रस्ताव तीन स्वतंत्र दरपत्रकांसह सभासदांपुढे ठेवू. बॅटरीचा विचार तेव्हाच करावा.

ज्या व्यावसायिक बंधू-भगिनींना आपला हिशेब तपासून हवा असेल त्यांनी गेल्या बारा महिन्यांची बिले आणि भाडेकराराची प्रत घेऊन यावे. भोजनानंतर आम्ही ग्रंथविक्रीच्या टेबलाशेजारी बसणार आहोत. जय भीम.